किती फुटी बोट? बास-बोटींच्या अभ्यासाची प्रस्तावना

बास-बोट घ्यायला निघालेल्या माणसाचा पहिला प्रश्न लांबीचा असतो. अठरा फुटी घ्यावी, वीस फुटी, की एकवीस? दुकानात या प्रश्नाचे उत्तर किमतीच्या पाटीवर मिळते. ऐपत वाढेल तशी बोटही फुटाफुटाने वाढते. नौकाशास्त्रात मात्र लांबी हा मुळातला प्रश्न आहे. विल्यम फ्राउड या इंग्रज अभियंत्याने १८७२च्या सुमारास टॉर्की येथे पाण्याच्या लांब टाकीत जहाजांच्या प्रतिकृती ओढून त्यांचा अवरोध मोजायला सुरुवात केली. नौकेचा वेग आणि तिच्या लांबीचे वर्गमूळ यांचे नाते तेव्हापासून या शास्त्राच्या पायाशी आहे. युद्धनौकेला लागू पडणारे हे नियम सहा मीटरच्या मासेमारीच्या बोटीलाही लागू पडतात. फरक इतकाच, की या छोट्या बोटीवर पाण्याबरोबर रस्त्याची, कायद्याची आणि उभे राहून गळ फेकणाऱ्या माणसाच्या हातांचीही सत्ता चालते. या चौघांचे कुठे जुळते आणि कुठे बिनसते, ते या पुस्तकाला सांगायचे आहे. माझे स्वतःचे मत सुरुवातीलाच नोंदवतो. बोटीची लांबी ठरवण्याआधी पाण्याची लांबी मोजावी. ज्याने आपले पाणी मोजलेले नाही, त्याला बोटीचा आकडा विचारण्यात अर्थ नाही.

विषय अमेरिकेतला आहे आणि तो तिथेच ठेवून समजून घ्यायला हवा. बास हा उत्तर अमेरिकेतल्या गोड्या पाण्यातला शिकारी मासा. त्याच्या दोन जाती आपल्याला महत्त्वाच्या आहेत. लार्जमाउथ उथळ, गवताळ, बुडलेल्या झाडांच्या आडोशाने राहतो. स्मॉलमाउथला थंड, स्वच्छ, खडकाळ तळाचे पाणी मानवते. जेम्स हेन्शल यांनी १८८१मध्ये ‘बुक ऑफ द ब्लॅक बास’ लिहिले, तेव्हा या माशाची कीर्ती झाली होती. त्याच्यासाठी खास बोट मात्र नव्हती. काठावरून, पाण्यात उतरून, नाहीतर चपट्या तळाच्या साध्या होडीतून मासेमारी चाले, आणि बारा-चौदा फुटांची होडी त्याला पुरेशी होती.

लांबीचा प्रश्न निर्माण केला तो धरणांनी. १९३३मध्ये टेनेसी व्हॅली अथॉरिटी स्थापन झाली आणि पुढच्या तीन-चार दशकांत दक्षिणेकडच्या खोरीच्या खोरी पाण्याखाली गेली. अलाबामातले गंटर्सव्हिल, टेक्सासमधले सॅम रेबर्न, टेक्सास आणि लुइझियाना यांच्या सीमेवरचे टोलेडो बेंड ही माणसाने केलेली सरोवरे आहेत. गंटर्सव्हिलची लांबी सुमारे ७५ मैल भरते. टोलेडो बेंडमध्ये जंगल उभेच्या उभे बुडाले, आणि लार्जमाउथला हवा तसा आडोसा हजारो एकरांवर तयार झाला. मासा एका खाडीत, धक्का दुसऱ्या टोकाला, मध्ये मैलोन्‌मैल उघडे पाणी. साध्या होडीचे काम इथे संपले.

लुइझियानातल्या श्रीव्हपोर्टच्या होम्स थर्मन यांनी १९४८मध्ये बांधलेली स्कीटर ही पहिली बास-बोट मानली जाते. निमुळती, चपटी, बसक्या बांध्याची अशी ती बोट होती. पुढे जून १९६७मध्ये रे स्कॉट यांनी आर्कान्सामधल्या बीव्हर लेकवर १०६ गळकरी जमवून स्पर्धा भरवली आणि मासेमारीला घड्याळ लागले. सकाळी सगळ्यांनी निघायचे, जमेल तितके लांब जायचे, आणि ठरल्या वेळेच्या आत मासे वजनाला आणायचे. पुढच्याच वर्षी आर्कान्सातल्या फ्लिपिन गावी फॉरेस्ट वुड यांनी रेंजर बोटींचा कारखाना काढला. वुड स्वतः गळकऱ्यांना पाण्यावर नेणारे वाटाडे होते. आपल्या गिऱ्हाइकाला दिवसभर काय लागते, हे त्यांना पुस्तकातून शिकावे लागले नाही. १९७२मध्ये स्कॉट यांनी काढलेल्या गळकऱ्यांच्या संघटनेने मासे जिवंत सोडण्याची मोहीम सुरू केली. त्यामुळे बोटीत हवा खेळवलेल्या पाण्याची टाकी आली. तीस गॅलनची टाकी भरली की अडीचशे पौंडांची भर पडते, आणि तीही मागच्या बाजूला. वेग, इंधन, टाकी, बॅटऱ्या, सात-आठ फुटी गळकाठ्या आडव्या ठेवायचे कप्पे या प्रत्येकाने बोटीकडून लांबी मागून घेतली. सुरुवातीच्या पंधरा-सोळा फुटी बोटी वीस-एकवीस फुटांवर पोहोचल्या, त्यामागे हौसेइतकाच या मागण्यांचा हात आहे.

या वाढीत रुंदीला मात्र वाव मिळाला नाही. बास-बोट धक्क्याला बांधून ठेवायची नसते. ती घराशेजारी उभी असते आणि ट्रेलरवरून आज या तळ्यावर, उद्या त्या तळ्यावर जाते. अमेरिकेत रस्त्यावरून खास परवान्याशिवाय नेता येणाऱ्या भाराची रुंदी सर्वसाधारणपणे साडेआठ फुटांपर्यंत असते. म्हणून बास-बोटी आठ फुटांच्या आसपास येऊन थांबतात. जहाजबांधणीत लांबी वाढली की रुंदी, खोली सगळेच प्रमाणात वाढते. अठरा फुटी बोट तशी प्रमाणशीर वाढवून एकवीस फुटी केली, तर तिचे आकारमान दीडपटीहून अधिक होईल. रुंदी जखडलेली असल्यामुळे प्रत्यक्षात ते फार तर पाचव्या हिश्शाने वाढते. बोट मोठी होण्यापेक्षा सडपातळ होते. लांबीविषयीच्या पुष्कळ गैरसमजांचे मूळ या एका गोष्टीत आहे. तीन फूट जास्त म्हणजे तितकीच जास्त ऐसपैस आणि तितकीच जास्त स्थिर, असा हिशोब लोक करतात. डावी-उजवीकडची स्थिरता तर मुख्यतः रुंदीवर अवलंबून असते.

वेगाच्या बाबतीतही असेच आहे. बोट पाणी कापत, पाण्यात बसून चालते, तेव्हा लांबीचे महत्त्व असते. जुन्या सूत्राप्रमाणे पाण्यालगतची लांबी अठरा फूट असलेल्या बोटीला साधारण पावणेसहा नॉट आणि एकवीस फुटीला सहा नॉटपर्यंत फारसे कष्ट पडत नाहीत. त्यापुढे बोट स्वतःच्याच लाटेचा चढ चढू लागते. पुरेशी शक्ती असली तर ती त्या चढावरून सुटून पाण्याच्या पृष्ठावर सरकू लागते. बास-बोट दिवसभरातले बहुतेक मैल असे सरकत कापते. या अवस्थेचे सर्वमान्य गणित डॅनियल साविट्स्की यांनी १९६४मध्ये मांडले. त्या गणितात मोजमापाचा आधार बोटीची रुंदी आहे. ओली लांबी वेग, वजन आणि कल यांनुसार आपोआप ठरते. साठ मैलांच्या वेगाने जाणाऱ्या बोटीचा मागचा थोडासा भागच पाण्याला टेकलेला असतो आणि पुढची दहा-बारा फूट लांबी हवेत असते. तेव्हा शांत पाण्यावर लांब बोट जास्त पळते ती प्रामुख्याने तिच्यावर जास्त शक्तीचे इंजिन बसते म्हणून.

इंजिन किती शक्तीचे बसवावे, याला अमेरिकेत कायद्याचे सूत्र आहे, आणि त्याकडे जरा जवळून पाहण्यासारखे आहे. १९७१च्या बोट-सुरक्षा कायद्याखालचे तटरक्षक दलाचे नियम वीस फुटांच्या आतल्या मोटरबोटींना क्षमतेची पाटी सक्तीची करतात. बोटीची फुटांतली लांबी गुणिले तिच्या मागच्या फळीची फुटांतली रुंदी, हा मूळ आकडा. चाकाने वळवायची सोय आणि पुरेशा उंचीची मागची फळी असलेल्या बोटीसाठी या आकड्याची दुप्पट करून त्यातून ९० वजा करायचे आणि उत्तर वरच्या पाचाच्या पटीत न्यायचे. अठरा फूट लांबी, सात फूट फळी: गुणाकार १२६, दुप्पट २५२, वजा ९० म्हणजे १६२. पाटीवर १६५ अश्वशक्ती येईल. लांबी एकोणीस फूट केली की १८०. आता हेच सूत्र उलटे वापरून पाहा. आजच्या मोठ्या स्पर्धांत २५० अश्वशक्तीची कमाल मर्यादा असते. सात फुटी फळीला सूत्राने २५० मिळवायचे, तर बोट जवळजवळ चोवीस फूट लांब लागेल. वीस-एकवीस फुटी बोटींवर २५०चे इंजिन दिसते, याचे कारण वीस फुटांच्या रेषेपलीकडे हे सूत्रच लागू नाही. तिथे कारखान्याची चाचणी आणि उद्योगाने स्वतःहून पाळायची मानके चालतात.

याच रेषेवर आणखी एक नियम थांबतो, आणि माझ्या लेखी तो अधिक महत्त्वाचा आहे. वीस फुटांच्या आतली, बाहेरून मोटर लावलेली बोट पाण्याने भरली, तरी ती उलटू नये, सपाट तरंगत राहावी, इतका फोम तिच्या पोटात असावा लागतो. बुडालेल्या बोटीला धरून राहिलेला माणूस आणि उलटलेल्या गुळगुळीत तळावरून घसरणारा माणूस यांच्यातले अंतर या फोमाइतके आहे. वीस फुटांवरच्या बोटींना केंद्रीय नियमाने ही सक्ती नाही. अनेक चांगले कारखाने मोठ्या बोटींतही फोम भरतात, पण तो त्यांचा निर्णय असतो. म्हणून एकोणीस फूट दहा इंच आणि वीस फूट दोन इंच यांतला फरक चार इंचांचा समजू नये. वीस फुटांपलीकडची बोट घेणाऱ्याने फोमाची चौकशी गाद्यांच्या रंगाआधी करावी. लांबी कशी मोजतात हेही विचारून घ्यावे. नियमाप्रमाणे ती नाळेच्या टोकापासून मागच्या टोकापर्यंत सरळ रेषेत मोजायची, आणि इंजिन व त्याची धारणी तिच्यात धरायची नाही. गॅरेजच्या भिंतीला मात्र इंजिन लागते आणि ट्रेलरची पुढची दांडीही लागते. वीस फुटी बोट वीस फुटी गॅरेजमध्ये मावत नाही. ट्रेलरच्या दुमडत्या दांड्या निघाल्या त्या याच अडचणीतून.

आता पाण्याकडे येतो. या पुस्तकाचा मोठा भाग याच विषयावर आहे, आणि नव्या वाचकाने सर्वांत जास्त वेळ इथे द्यावा, अशी माझी विनंती आहे. कोकणात खाडीत चालणारी होडी आणि खोल समुद्रात जाणारी बोट वेगळी का, हे आपल्याला कुणी समजावून सांगावे लागत नाही. तळ्याच्या बाबतीत मात्र तळे म्हणजे तळे, असे आपण धरून चालतो. प्रत्येक तळ्याला त्याची स्वतःची लाट असते, आणि ती तीन गोष्टींतून घडते: वाऱ्याचा वेग, वाऱ्याला सलग मिळालेले मोकळे पाणी आणि खोली. मोकळ्या पाण्याच्या या अंतराला फेच म्हणतात. वीस मैल वेगाचा वारा दोन मैलांच्या फेचवरून वाहिला, तर लाट साधारण दहा इंच उंचीची होते. एका शिखरापासून पुढच्या शिखरापर्यंतचा तिचा काळ दोन सेकंदांच्या जरा आत असतो. खोल पाण्यात लाटेची फुटांतली लांबी म्हणजे काळाचा वर्ग गुणिले सुमारे पाच. ही लाट एकोणीस फुटांच्या आसपास भरते, म्हणजे जवळजवळ बोटीएवढी. हळू चालणाऱ्या बोटीला स्वतःएवढी किंवा त्याहून थोडी लांब लाट सर्वांत जास्त डोलवते, पण दहा इंच उंचीत त्रासापलीकडे काही होत नाही. फेच पाच मैल झाले की तोच वारा सव्वा फुटाहून थोडी उंच आणि चौतीस फुटांच्या आसपास लांब लाट उठवतो. वीस मैलांवर उंची अडीच फुटांच्या पुढे जाते. उंची फेचच्या वर्गमुळाने वाढते, म्हणून चौपट मोकळ्या पाण्याला दुप्पट उंचीची लाट, हे सूत्र तोंडपाठ असावे.

बास-बोटीची अडचण तिच्या बांध्यात आहे. तिचे काठ मुद्दाम बसके ठेवलेले असतात आणि पुढे उभे राहून गळ टाकायला सपाट मोठा डेक असतो. अशी बोट एका लाटेवरून उतरताना दुसरी लाट वर येत असेल, तर नाळ त्या लाटेत घुसते आणि शेकडो पौंड पाणी डेकवरून थेट आत येते. बास-बोटीवरचा हा खरा धोका आहे, आणि वेग कमी केला म्हणजे तो टळतोच असे नाही. कधी कधी वेग एकदम तोडल्यामुळेच नाळ खाली बसते. इथे लांबी कामाला येते. एकवीस फुटी बोट अठरा फुटीपेक्षा तीन फूट अधिक पाण्यावर टेकते आणि नाळ वजनाच्या मध्यापासून दूर असल्यामुळे तिला उचलणारे उत्प्लावक बल अधिक लांबच्या तरफेने काम करते. आखूड लाटांत ती एका शिखरावरून उतरायच्या आत दुसऱ्यावर पोहोचते. शांत पाण्यावर जिचा उपयोग फारसा दिसला नाही, ती लांबी या ठिकाणी जीव वाचवते.

खोलीचा मुद्दा वेगळा आणि फसवा आहे. लाटेच्या अर्ध्या लांबीहून पाणी उथळ झाले की तिला तळ जाणवू लागतो. ती आखूड आणि उभी होते. मिशिगन आणि ऑन्टारियो यांच्या मध्ये असलेल्या लेक सेंट क्लेअरची सरासरी खोली अकरा फुटांच्या आसपास आहे. डेट्रॉइटच्या परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांच्या दारात असलेले हे सरोवर स्मॉलमाउथसाठी ख्यातकीर्त आहे. एखाद्या दुपारी त्यावर वारा धरला की तीस-चाळीस फूट लांबीच्या लाटा तळाला लागतात आणि एकामागून एक लगट करून येतात. लेक एरी तर वाऱ्याच्याच दिशेने, नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे, २४० मैल पसरले आहे. त्याचा पश्चिम भाग उथळ. व्हरमाँट आणि न्यूयॉर्क यांच्यामधले लेक शँप्लेन उत्तर-दक्षिण लांबलचक. अशा पाण्यावर वीस-एकवीस फुटी बोटीलाही मी मोठी म्हणणार नाही. तिच्यासह तिथे जावे ते हवामानाचा अंदाज वाचून, आणि वारा वाढायच्या आधी परतण्याचा बेत करून.

याच्या उलट, अमेरिकेतल्या बहुसंख्य गळकऱ्यांचे पाणी लहान असते: काउंटीचे तलाव, नदीचे वळण, धरणाच्या फाट्यातली दलदल. तिथे सतरा-अठरा फुटी ॲल्युमिनियमची बोट मला केव्हाही अधिक शहाणपणाची वाटते. बुडालेल्या खुंटांमध्ये वळण घेताना, दोन धक्क्यांच्या फटीत शिरताना, मागच्या बाजूचा प्रत्येक जादा फूट आडवा येतो. पुढे बसवलेली विजेची छोटी मोटर पायाने वळवत बोट जागेवर धरायची असते. लांब बोटीला वारा अधिक पकडतो आणि तिचे वजनही अधिक असते. वजनाच्या दर शंभर पौंडांमागे किमान दोन पौंड ढकलशक्ती असावी, असा विजेच्या मोटरींचा ढोबळ हिशोब आहे. बोट वाढली की बारा व्होल्टवरून चोवीस आणि छत्तीसवर जावे लागते, बॅटऱ्या वाढतात आणि त्यांचे वजन पुन्हा बोटीतच येते. उथळपणाचे गणितही तपासून पाहावे. पाण्यालगतचे क्षेत्रफळ शंभर चौरस फूट असेल, तर बोट एक इंच खाली बसायला सुमारे ५२० पौंड लागतात. लांब बोटीचे क्षेत्रफळ जास्त, म्हणून ती उथळ पाण्यात चालेल, असे सांगितले जाते. ते खरे ठरायला तिचे वजन मात्र वाढलेले नसावे लागते, आणि ते बहुधा वाढलेलेच असते.

दोन माणसे एका बोटीत दिवसभर सात फुटी काठी फिरवणार असतील, तर मात्र लांबीचा हिशोब माणसाच्या अंगाने करावा लागतो. पुढचा डेक ज्याचा त्याला सगळेच मिळते, मागच्याला उरलेले. बोट फूट-दीड फुटाने लहान केली की कारखाने ती कपात बहुतेक वेळा मागच्या डेकमधून करतात, आणि दुसऱ्या माणसाच्या प्रत्येक फेकीत ते जाणवते. वडील आणि मुलगी, नवरा आणि बायको, दोन शेजारी: बोट ज्यांनी मिळून वापरायची त्या दोघांनी दुकानात एकाच वेळी डेकवर उभे राहून हात मागे नेऊन पाहावे. एवढी साधी चाचणी कोणत्याही माहितीपत्रकाहून अधिक सांगते.

या अभ्यासात नव्याने येणाऱ्यांना एक सांगणे आहे. क्षेत्र अजून हलते आहे आणि तुमच्या कामाला भरपूर जागा आहे. चार-स्ट्रोक इंजिने आता पाचशे पौंडांच्या आसपास आली आहेत. लिथियम बॅटऱ्यांनी शिशाच्या बॅटऱ्यांचे निम्म्याहून अधिक वजन उतरवले आहे. नाळेवर मोठे पडदे आणि पुढे पाहणारी सोनार यंत्रे बसू लागली आहेत. म्हणजे मागचे वजन, मधले वजन आणि पुढचे वजन अशा तिन्ही ठिकाणी फेरबदल झाले आहेत. लांबीविषयीचे जुने अनुभव ज्या तोलावर उभे होते, तो तोल बदलला आहे. उद्या अठरा फुटी बोट आजच्या एकोणीस फुटीसारखी वागू लागली, तर नवल नाही. ते मोजून दाखवणे हे यापुढच्या अभ्यासकांचे काम आहे.

पहिले प्रकरण फेच मोजण्याचे आहे. आपल्या तळ्याचा प्रमाणावर काढलेला नकाशा, एक पट्टी आणि त्या भागातल्या नेहमीच्या वाऱ्याची दिशा एवढे जवळ घेऊन ते वाचावे. ज्या धक्क्यावरून आपण बोट पाण्यात सोडतो, तिथून आपल्या नेहमीच्या ठिकाणापर्यंत रेघ ओढा आणि तिला आडवा येणारा वाऱ्याचा सर्वांत लांब पट्टा कुठे आहे, ते शोधा. दुपारी चारला परतताना जी लाट भेटणार आहे, तिची उंची आणि लांबी त्या पट्ट्यावरून निघते. बोटीचे फूट दुसऱ्या प्रकरणापासून मोजायला घेऊ.